करी रोडची अळणी कणीक

बार्शीहून निघताना आम्ही तिघांनी घरी वेगवेगळी कारणं सांगितली होती. दिलीपची गावात मेस आहे. तो म्हणाला, मुंबईच्या मसाल्यांचा अभ्यास करायचाय. मी म्हणालो, जरा गाणं ऐकून येतो. माधवने काहीच कारण सांगितलं नाही, कारण त्याला यायचंच नव्हतं. त्याला आम्ही जवळजवळ उचलून आणला.

खरं कारण माधवचा डावा हात होता. माधवचं सायकलींचं दुकान, पण सायकलींसाठी त्याला कोणी ओळखत नसे. तो पखवाज वाजवायचा. आमच्या राममंदिरातल्या गुरुवारच्या भजनात माझी पेटी आणि त्याचा पखवाज, असं आमचं अर्धं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हातही बराच सुधारला, असं डॉक्टर म्हणतात. माधव म्हणतो, हात गेला. डॉक्टरांनी दाबायला दिलेल्या रबरी चेंडूशी माधवच्या घरची मांजर खेळते. पखवाज त्याने देवळाच्या कपाटात नेऊन ठेवला आणि तेव्हापासून गुरुवारी तो देवळाच्या रस्त्यानेही जात नाही. पखवाजाच्या जागी आता जो ढोलकीवाला येतो, तो इतका पळतो की देवालाही धाप लागावी.

तर आमचा बेत असा की माधवला घरापासून लांब न्यायचं, खाऊ घालायचं, ऐकवायचं आणि काही होतंय का बघायचं. काय होणार हे आम्हालाही माहीत नव्हतं. करी रोडला बाळाबुवांचं घर होतं. बाळाबुवा सावंत हे मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, स्वतः बसचे कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. भजनात गातात म्हणून बुवा. काही वर्षांपूर्वी अक्कलकोटहून परतताना त्यांच्या भजनी मंडळाची बस बार्शीत बंद पडली, मंडळी आमच्या देवळात मुक्कामाला राहिली आणि बस दुरुस्त झाल्यावरही गाणं थांबेना. तेव्हापासूनची ही दोस्ती.

दादर

मार्गशीर्ष होता. मुंबईकर स्वेटर घालून हिंडत होते आणि आम्ही घाम पुसत होतो. आमच्याकडे एवढ्या थंडीला पंखा लावतात.

सकाळी दादरला उतरून दिलीपने जो खायला सुरुवात केली, ती थांबेचना. साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी आणि वर पियूष. पियूष हा प्रकार आम्हाला नवा. पिवळसर, दाट, जायफळाचा वास असलेला. दिलीपने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "श्रीखंडाला पाझर फुटलाय, लेका." मग आत जाऊन त्याने वाढणाऱ्या बाईंना, तुम्ही यात दही किती दिवसांचं घेता, असं विचारलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने परत आला. आमच्याकडे असं विचारलं तर माणूस तुम्हाला स्वयंपाकघरात नेऊन सगळं दाखवतो. इथे तेवढा वेळ कोणाकडे नाही. पण त्याच बाईंनी, माधवला एका हाताने थालीपीठ तोडता येत नाही हे बघून, काही न बोलता त्याच्या थाळीत तुकडे करून ठेवले होते. म्हणजे वेळ असतो. कुठे द्यायचा ते त्यांनी ठरवलेलं असतं.

माधवने मात्र ते तुकडे खाल्ले नाहीत. डावा हात झब्ब्याच्या खिशात घालून तो बसून राहिला. प्रवासभर तो हात खिशातच होता.

नंतर एका छोट्या सभागृहात सकाळची मैफल होती. गाणारी मुलगी तरुण, आवाज लोण्यासारखा. मी अगदी रमलो होतो. मध्येच तिने तबल्याला जागा दिली, तबलजीने एक सुरेख तुकडा वाजवला, लोकांनी वाहवा केली आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. बाहेर जाऊन पाहिलं तर माधव पायऱ्यांवर बसलेला.

"काय झालं?"

"काही नाही. आत गरम होतंय."

मी त्याच्या शेजारी बसलो. आतून तबला ऐकू येत होता. आपण याला इथे आणून याच्या जखमेवर मीठ चोळतोय, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी गिरगावात एका जुन्या खाणावळीत गेलो. टेबलं संगमरवरी, पंखे उंच, आणि वाढणारे काका आपल्याला काय हवंय यापेक्षा आपण काय खावं ते सांगणारे. मी कोलंबी सांगितली. दिलीपने निम्मी पाटी वाचून दाखवली. माधव म्हणाला, "मला वरणभात. मासे नकोत." मासा खायला दोन हात लागतात. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

काकांनी माधवच्या खिशाकडे एकदा पाहिलं. "वरणभात घरी खा. बोंबील आणतो. काटा लागत नाही, तोंडात विरघळतो."

बोंबील तिघांनाही आले. बाहेरून रव्याचं कुरकुरीत, आतून साय. माधवने आधी एक चाखला, मग माझ्या ताटातलाही उचलला. सोलकढीची वाटी त्याने दोनदा भरून घेतली. कढी गुलाबी कशी असू शकते, यावर दिलीप एक व्याख्यान देत होता, ते कोणी ऐकलं नाही. माधव खात होता, हेच आमच्यासाठी पुष्कळ होतं.

जेवण जिरवायला आम्ही जवळच्या एका वाडीत शिरलो. लाकडी जिने, रंगीत कठडे, दारात नाताळच्या चांदण्या टांगलेल्या. एका ओट्यावर म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ मांडीवर लहानसा ड्रम घेऊन काड्यांनी वाजवत बसले होते. शुद्ध लष्करी चाल. आम्ही थबकलो तसे तेही थांबले.

"कोण पाहिजे तुमाला?"

"कोणी नाही. ऐकत होतो," मी म्हणालो. "तुम्ही ड्रमच वाजवता का?"

"छे! मी ट्रम्पेटवाला. पीटर ट्रम्पेट म्हणतात मला सगळे. चाळीस लग्नं एका सीझनला वाजवायचो. मग पुढचे दात गेले. ट्रम्पेटला दात लागतात, बाबा. नवे बसवले, तर फुंकर मारली की तेच पहिले बाहेर येतात." ते स्वतःच खो खो हसले. "मग काय घरी बसू? बँडमधला सगळ्यात सोपा ड्रम मागून घेतला. सोपा पण नाय तो, बरा का."

त्यांनी आम्हाला फुगे दिले. फुगे म्हणजे मैद्याचे गोल, पोकळ, किंचित गोडसर वडे. ते खात आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो, आणि तिथे माधव उभा राहिला.

"किती दिले त्याला?"

"कोणाला?"

"त्या पीटरला. पढवून ठेवला होता ना? दात गेले, ट्रम्पेट गेलं, तरी मी वाजवतो. मला काय कळत नाही होय?"

दिलीपने मेसची शपथ घेतली. मी रामाची घेतली. माधवचा विश्वास बसला नाही. पीटरसाहेब आम्हाला खरोखरच रस्त्यात भेटले होते, पण आमचा चेहराच असा चोरासारखा झाला होता की मीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता. त्या संध्याकाळी माधव आमच्याशी बोलला नाही. आम्ही दोघांनी ठरवलं, पुरे झालं. आता याला कुठलंही वाद्य दाखवायचं नाही. नुसतं खायचं.

लालबाग

म्हणून गुरुवारी सकाळी लालबागला मसाल्यासाठी गेलो. या गल्लीत पाऊल टाकलं की आधी शिंक येते, मग दुकान दिसतं. मिरच्यांच्या राशी लावलेल्या असतात. बायका कुटुंबाच्या हिशोबाने मिरच्या घेतात, नाकाला पदर लावून त्या समोर भाजून घेतात आणि कांडायला देतात. आमच्याकडे काळा मसाला जो तो घरी करतो आणि आपलं प्रमाण सुनेलाही लवकर सांगत नाही. इथे सगळं उघड्यावर. एक बाई दुसरीला सांगत होती, "बडीशेप वाढव गं, तुझ्या घरी मासे कमी असतात." दिलीप तर भक्तिभावाने उभा होता.

मसाला कांडायचं यंत्र म्हणजे लोखंडी उखळं आणि त्यात पट्ट्यावर आळीपाळीने वरखाली होणारी मुसळं. धप्प, धप्प, धप्प. आवाजाने जमीन हादरत होती. आम्ही दिलीपचा मसाला होईपर्यंत बाकावर बसलो. दिलीप शिंकत होता, मी डोळे पुसत होतो. माधव यंत्राकडे बघत होता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तिसरं उशिरा पडतंय."

"काय?"

"तिसरं मुसळ. पहिली दोन जागेवर आहेत. तिसरं मागे राहतंय."

मी कान देऊन ऐकलं. मला काही कळलं नाही. पण त्याचा उजवा हात गुडघ्यावर हलकेच चालत होता, पहिल्या दोघांबरोबर, आणि तिसऱ्याला किंचित थांबत होता. मी दिलीपला कोपराने ढोसलं. दिलीपने बघितलं आणि नेमका तेव्हाच एवढ्या मोठ्याने शिंकला की माधवने हात काढून घेतला. मी दिलीपला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या प्रवासवर्णनात लिहिता येत नाहीत.

करी रोड

बाळाबुवांची जुनी चाळ पाडून तिथे उंच इमारत झालीय. सगळे जुने भाडेकरू खालच्या मजल्यांवर आहेत. बुवा आठव्यावर. दरवाजे अजून उघडेच असतात, चपला अजून बाहेरच असतात आणि गुरुवारचं भजन आता लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये होतं. सतरंज्या अंथरतात, देवाच्या फोटोला हार घालतात. लिफ्ट उघडली की आतून कोणी पिशवी घेऊन बाहेर येतं, पिशवी घरात ठेवतं आणि येऊन बसतं.

गुरुवार असल्यामुळे मालवणी घरात येऊन आम्हाला शाकाहारी जेवावं लागणार होतं. दिलीपने ते हौतात्म्यासारखं सोसलं. सुलभावहिनींनी, म्हणजे बुवांच्या पत्नीने, भजनानंतरच्या जेवणासाठी काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं होतं आणि आंबोळ्यांचं पीठ भिजवलं होतं. बुवांची मुलगी श्रद्धा जवळच्याच टॉवरमधल्या ऑफिसात काम करते, आणि मंडळाचा पखवाज तीच वाजवते. ती अजून यायची होती.

आता पखवाजाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या उजव्या बाजूला शाई, म्हणजे काळा लेप, कायमची असते, पण डाव्या बाजूला दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय खर्जातला घुमारा येत नाही. ही कणीक पोळीच्या कणकेहून सैल, चिकट. तिच्यात मीठ नाही, तेल नाही. वाजवून झालं की खरवडून काढायची.

दिलीपला हे माहीत असायला हवं होतं. इतकी वर्षं तो आमच्या भजनाला येतो. पण तो येतो प्रसादाच्या वेळी.

झालं असं की वहिनी पॅसेजमध्ये समया लावत होत्या. दिलीप पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर वाटीखाली झाकलेला कणकेचा गोळा. बाकी सगळं तांदळाचं. त्याला वाटलं, आम्ही घाटावरची माणसं, आंबोळ्या आवडतील न आवडतील, म्हणून माउली आपल्यासाठी पोळ्याही करणार दिसते. त्याचं मन भरून आलं. मेसवाल्याच्या सवयीने त्याने चिमूटभर तोंडात टाकली. अळणी! शिवाय सैल! वहिनींना कामाच्या घाईत भान राहिलं नसेल, आपण सुधारून ठेवू, आणि वर सांगायचंही नाही. त्याने मीठ घातलं, कोरडं पीठ घातलं, मेसमध्ये घालतो तसा तेलाचा सढळ हात सोडला आणि गोळा असा मळला की आरशासारखा चमकायला लागला.

आठ वाजता श्रद्धा धावतपळत आली. ओळखपाळख झाली. "माधवकाका, बाबा तुमच्याबद्दल कायम बोलतात. टेन्शन आलंय मला, तुमच्यासमोर वाजवायचं म्हणजे." माधव कसंनुसं हसला आणि मागे भिंतीला टेकून बसला. श्रद्धाने गोळा आणला, गप्पांच्या नादात डाव्या बाजूवर थापला. बुवांनी पेटीवर सूर धरला, आवाज लावला, आणि श्रद्धाने पहिली थाप मारली.

गोळा सुटला. उडाला तो थेट बुवांच्या पेटीवर, तिथून घरंगळत फोटोसमोरच्या नारळापाशी जाऊन थांबला. सगळा पॅसेज हसायला लागला. श्रद्धाने पखवाजाच्या चामड्याला बोट लावलं. "आई! कणकेत तेल घातलंस?"

"मी कित्याक घालू?" वहिनी म्हणाल्या.

दिलीपचं तोंड बघून मला सगळं कळलं. त्याने कबूल केलं. अगदी सविस्तर, प्रमाणासकट. हसण्याचा आणखी एक लोट आला. श्रद्धा ओढणीच्या टोकाने चामडं पुसायला लागली.

"पुसू नकोस!"

माधव होता. मागून उठून, सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत तो पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तेल पसरेल आत. कातड्याचा आवाज बसेल. कोरडं पीठ आणा. लवकर!"

पीठ आलं. त्याने ते चामड्यावर भुरभुरलं, हळूहळू चोळलं, झटकलं, पुन्हा भुरभुरलं. मग परात मागितली. वहिनींनी पाणी ओतलं आणि तो मळायला बसला. कणीक एका हाताने मळता येत नाही. परात फिरते, धरावी लागते. त्याने धरली. दाबली. उलटवली. आणि दिलीपकडे बघून ओरडत राहिला, "चमकवायची नसते ती! चिकटली पाहिजे! मेस आहे का ही?"

त्याचा डावा हात मनगटापर्यंत कणकेत होता. बोटं वाकडी होती, दोन तर नुसतीच बरोबर चालली होती, पण हात खिशाबाहेर होता. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. मी दिलीपकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाने वेळेवर तोंड बंद ठेवलं होतं.

गोळा थापून झाला. माधवने कडा दाबल्या, उजव्या हाताने टिचकी मारून ऐकलं. मग त्याची नजर डाव्या हातावर गेली आणि तो हात त्याने पटकन मांडीखाली घेतला.

"वाजव," तो श्रद्धाला म्हणाला.

श्रद्धा म्हणाली, "काका, कणीक तुमची आहे. आवाज तुम्हीच बघा ना. उजवी मी सांभाळते, तुम्ही फक्त डावी. स्लो अभंग घेऊ."

"नको. माझा हात उशिरा पडतो."

बाळाबुवा पेटीवरची कणीक खरवडत होते. त्यांनी मान वर केली. "उशिरा पडता मा? मगे पडांदे. आमका खंय गाडी पकडूची आसा?"

एका पखवाजावर दोघं बसलेले मी कधी पाहिले नव्हते. श्रद्धा उजवीकडे, माधव डावीकडे, अगदी खांद्याला खांदा लावून. बुवांनी अभंग धरला. पहिली थाप उशिरा पडली. दुसरीही. मग बुवांनी काय केलं, ते पेटीवाला म्हणून मला बरोबर कळलं. त्यांनी लय ओढून धरली. शब्द लांबवला, थापेची वाट बघितली आणि थाप पडली तेव्हा तिच्यावर सम घेतली. मागच्या टाळकऱ्यांनी टाळ तिथेच मिटले. कोरस त्याच थापेवर उचलला. कोणी कोणाला खूण केली नव्हती. लिफ्ट उघडली, त्यातून उतरलेल्या बाईही पिशवीसकट तिथेच उभ्या राहिल्या. आठव्या मजल्यावरचे सगळे लोक एका वाकड्या हातासाठी थांबत थांबत गात होते. मी रडलो. लपवायचं काय त्यात.

एकच अभंग झाला. माधवचा हात दमला, तसा तो बाजूला झाला आणि पुढचं सगळं भजन त्याने श्रद्धाशेजारी बसून ऐकलं. मध्येमध्ये तिला, घुमारा दाब, घुमारा दाब, असं सांगत होता. जेवताना सांबारं आणि आंबोळ्या खाऊन दिलीपने हौतात्म्य मागे घेतलं. वहिनींनी त्याला निघताना कणकेचा तो चमकणारा गोळा डब्यात घालून दिला.

पुन्हा बार्शी

परत आल्यावर गुरुवारी माधव देवळात आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मुंबईतलं मुंबईतच राहिलं, असं मी मनाशी म्हणालो.

मग एका रविवारी शैलावहिनींनी, म्हणजे माधवच्या पत्नीने, आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. बाहेरच्या खोलीत शिरलो तर कोपऱ्यात पखवाज. देवळाच्या कपाटातून केव्हा आला कोण जाणे. डाव्या बाजूवर कणीक अजून ओली होती. चेंडू मात्र मांजरीजवळच होता.

पानं वाढली. वहिनी पोळ्या आणताना हळूच म्हणाल्या, "सांभाळून घ्या हं. रोज सकाळी कणीक हेच मळतात. मला परातीला हात लावू देत नाहीत. निम्मी बाहेर पखवाजाला नेतात आणि उरलेल्या निम्म्याच्या पोळ्या." पोळीचा आकार कुठल्या तरी तालुक्याच्या नकाशासारखा होता. कणीक सैल, पोळपाटाला चिकटलेली असणार. मी घास घेतला. मीठ नाही, तेल नाही.

मी दिलीपकडे पाहिलं. चिमूटभर चाखून दुसऱ्याच्या घरची कणीक सुधारणारा हा माणूस. त्याने घास तोंडात टाकला, चावत राहिला, गिळला. माधव त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"वहिनी," दिलीप म्हणाला, "अजून एक वाढा."